तेरावी चांदणी

१४ मे २०२०, टूवूंबा

वीणा आणि मी एकाच बाकावर बसून एकाच रिंगमध्ये भरतकाम करायचो. ती उजवीकडून, मी डावीकडून. मधोमध आलो की आमच्या सुया एकमेकींना लागायच्या आणि आम्ही तोंड दाबून हसायचो. नागपूरच्या कॉन्व्हेंटची ती मागची खोली, सिस्टर बेनेडिक्टांचा साबणाचा वास, चर्चच्या वेदीवर घालायचं ते पांढरं कापड. आम्हा दोघी बहिणींना बाजूच्या दाराने यायला सांगत, कारण पुढचा व्हरांडा नेहमी नुकताच पुसलेला असे. सिस्टर माझा टाका बोटाने चाचपून म्हणायच्या, इतका सुबक, की पाहणाऱ्याला कळायचंही नाही कुणाच्या हातचा आहे. त्या नाताळात कापडाशेजारच्या चिठ्ठीवर पुढच्या बाकावरच्या दोन मुलींची नावं लागली. आमची नावं लांबलचक होती, मावली नसतील.

आज वीणाला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुला तेवढंच आठवतं का गं?" तिचं असंच आहे. चांगलं काही लक्षातच ठेवत नाही.

तीन महिन्यांसाठी आले होते इथे ऑस्ट्रेलियात मुलाकडे, विवेककडे, फेब्रुवारीत. आता विमानं बंद, परतीचं तिकीट रद्द. सून अपर्णा हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, घरी आल्यावर गॅरेजमध्येच कपडे बदलते आणि आंघोळ झाल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. नातू अनिश एकोणीसचा, त्याच्या कॉलेजचे वर्ग बंद म्हणून घरी. दिवसभर खोलीत. विवेकचे बाबा सदानंद जाऊन सहा वर्षं झाली, पण इतकं रिकामं मला नागपुरातही कधी वाटलं नाही. म्हणून ही वही.

२७ मे

मैत्रीण मिळाली. मागच्या कुंपणापलीकडे राहणारी अचोल. मूळची दक्षिण सुदानची, पंचेचाळिशीची, वृद्धाश्रमात सफाईचं काम करते. इथे बस जवळपास नाहीच, गाडीशिवाय माणूस पांगळा. ती मला तिच्या गाडीतून कापडाच्या दुकानात घेऊन गेली आणि आता आम्ही तिच्या व्हरांड्यात अंतर ठेवून बसून मास्क शिवतो. ती मशीनवर, मी हाताने. मला 'ममा सुलो' म्हणते. तिचा मुलगा डेंग अनिशच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, त्याच फुटबॉल टीममध्ये (इथे रग्बीलाच फुटबॉल म्हणतात). टीममध्ये खेळतो म्हणून त्याला हॉस्टेलची खोली फुकट आहे. अचोल म्हणाली, निर्वासितांच्या छावणीत त्याला पाठीवर बांधून रांगेत उभी राहायचे, आता त्याला स्वतःची खोली आहे आणि खोलीला किल्ली आहे. किल्ली शब्द तिने दोनदा म्हटला.

९ जून

टीव्हीवर अमेरिकेतले मोर्चे. पोलिसांनी एका माणसाची मान गुडघ्याखाली दाबून त्याला मारलं म्हणे. मी त्याच्यासाठी मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. विवेकने चॅनेल बदललं.

दुपारी ग्रॅहम आले. अनिशच्या टीमच्या क्लबचे प्रेसिडेंट, लाल तोंडाचे, मोठ्याने बोलणारे, हाताला सॅनिटायझर चोळत दारातच उभे राहिले. विवेक यंदाच त्यांच्या कमिटीवर गेलाय, पहिलाच भारतीय. टीमचं नाव 'कर्नल्स'. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेल्या एका मास्तरांनी टीम काढली, नाव त्यांनीच दिलं आणि तिकडच्या कॉलेजांत मॅचला लावतात तसा एक झेंडाही आणला. तो इतकी वर्षं क्लबच्या खोलीत कसर लागून पडला होता. विवेकने त्यांना सांगितलं, आई भरतकामात पटाईत आहे. टीमचं चाळिसावं वर्ष आहे, झेंडा गेटवर लावायचाय.

मी उलगडून पाहिला. लाल जमीन, त्यावर दोन निळे पट्टे फुलीसारखे, पट्ट्यांवर पांढऱ्या चांदण्या. किती दिवसांनी एवढा निळा हातात आला. आपल्या निळ्यापेक्षा जरा गडद, पण उन्हात धरला की तोच. मला भरूनच आलं.

१३ जून

चांदण्या तेरा हव्यात, बाराच आहेत. तेरावीच्या जागी भोक.

मी वरण लावून ठेवलं आणि विसरले. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या.

२१ जून

झाला पुरा. तेरावी चांदणी मी सॅटिनच्या टाक्याने भरली, पाच टोकं, प्रत्येक टोक मोजून. खालची लाल जमीन दोन हात रफू केली. डोळे दुखतात पण पाठीमागून पाहिलं तरी गाठ सापडणार नाही.

अपर्णा ड्यूटीनंतरची आंघोळ करून आली, जेवणाच्या टेबलावर झेंडा पसरलेला पाहिला आणि हातातला टॉवेल न ठेवता तशीच उभी राहिली. मी विचारलं, कसा झालाय? म्हणाली, "आई, काम सुंदर आहे." नंतर स्वयंपाकघरात तिचं आणि विवेकचं वाजलं. दार लावून घेतलं होतं तरी 'तुझ्या कमिटीसाठी' आणि 'आईंना' एवढं ऐकू आलं. मी टेबल आठ दिवस अडवून बसले होते, तिचं चिडणं बरोबरच आहे. उद्यापासून खाली सतरंजीवर बसेन.

१८ जुलै

आजपासून सामने सुरू झाले. लोक दूर दूर उभे, पण उभे. थंडी अशी की नाक जागेवर आहे का बघावं लागतं. गेटच्या वर माझा झेंडा. वारा आला आणि तो उघडला तेव्हा ग्रॅहमनी सगळ्यांकडून माझ्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. माझा झेंड्यासोबत फोटो काढला, क्लबच्या फेसबुकवर टाकणार आहेत. शिवाय पितळी पाटी करणार आहेत, माझ्या पूर्ण नावाची. मी स्पेलिंग कागदावर लिहून दिलं. लांब आहे, पण मावेल म्हणाले.

मुलं अनिशला 'करी' म्हणतात आणि डेंगला 'मिडनाइट'. आमच्या वस्तीतही कुणाला खऱ्या नावाने हाक मारत नसत. मी हसले. अनिशही हसतो. डेंग त्या गेटखालून आत आला नाही, कुंपण ओलांडून आला, आणि खेळताना एकदाही त्या बाजूला पाहिलं नाही. पोरगा लाजरा असेल.

अचोलला आज ड्यूटी होती. तिला झेंड्याचं अजून सांगितलं नाही. मॅचला येईल तेव्हा दाखवून चकित करणार आहे.

५ ऑगस्ट

अचोल काळजीत आहे. डेंग गेले दोन सामने खेळला नाही. विचारलं तर सांगत नाही, कॉलेजशी काही भांडण झालंय एवढंच. खेळला नाही तर खोली जाईल. मी म्हटलं, काळजी करू नकोस, अनिश मोठा आहे, समजावेल. तिने माझा हात धरला. मग अंतराची आठवण होऊन सोडला.

संध्याकाळी विवेक माझ्याजवळ येऊन बसला. असा तो कितीतरी वर्षांत बसला नव्हता. म्हणाला, काही लोकांना झेंडा काढून टाकायचाय, बुधवारी कॉलेजच्या कमिटीपुढे सुनावणी आहे. तू चार ओळी लिही, शिवताना तुला काय वाटलं ते. मी म्हटलं, काढतात कशाला? तो म्हणाला, आजकाल कुणाला काहीही खुपतं. आणि मग म्हणाला, "आई, आपण कोण आहोत ते पण लिही. वस्तीचं, बाबासाहेबांचं, सगळं."

हा मुलगा दहावीत असताना रडला होता, आडनाव बदला म्हणून. इथे आल्यावर घरातली तसबीर झोपायच्या खोलीत लावली, बैठकीत नाही. आणि आज स्वतःहून म्हणतो, लिही. सदानंद हवे होते.

मी पानभर लिहिलं, सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत. लिहिलं की माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता. आम्हाला गेटबाहेर उभं करणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, जो झेंडा गेटवर लावतात, त्याच्याखालून जाणारे सगळे एका घरचे होतात. हा निळा रंग मी माझाच समजून शिवला.

अनिशने ते पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मी विचारलं, चुकलंय का कुठे? "नाह, इट्स रिअली गुड, आजी," म्हणाला आणि खोलीत गेला. जेवायला आला नाही.

१३ ऑगस्ट

काल सुनावणी झाली. माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं! विवेक सांगत होता, कमिटीतल्या एका बाईंनी डोळे पुसले. त्यानंतर चर्चाच झाली नाही. ज्यांनी सोसलंय त्यांनाच जर यात काही वावगं दिसत नाही, तर तक्रारीत अर्थ नाही, असं ठरलं. झेंडा राहणार. अनिश पुढच्या सामन्यापासून कॅप्टन.

वीणाला फोन केला. तिला खूप ताप आहे, बोलवत नाही म्हणाली. मीच बोलले.

१४ ऑगस्ट

अचोल सकाळी कुंपणापाशी आली. हातात एक कागद. मला वाटलं मास्कचा नमुना आहे. माझ्या पत्राची प्रत होती. कॉलेजने निकालासोबत डेंगला पाठवलेली. तक्रार करणारा तोच होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं हे मीच लिहिलंय का. मी हो म्हटलं. तिने विचारलं, झेंडाही तूच शिवलास? मी हो म्हटलं.

"त्या झेंड्याखाली माझ्यासारखी माणसं विकत होते, ममा. ती विक्री चालू राहावी म्हणून अमेरिकेत दक्षिणेकडच्यांनी लढाई केली, तेव्हाचा झेंडा आहे तो. मला शाळा मिळाली नाही, तरी मला माहीत आहे. तू तर शिकलेली आहेस."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "डेंगने त्यांना हेच सांगितलं होतं. बारा पानं लिहून. त्यांनी तुझं एक पान वाचलं."

खोली रविवारपर्यंत रिकामी करायची आहे.

कुंपणावरून तिने मला शिवायला दिलेलं उरलेलं कापड परत मागितलं. मी आणून दिलं. घडी घालून दिलं.

१५ ऑगस्ट

अपर्णा ड्यूटीवरून आली तशी गॅरेजमध्येच गाठून तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही एवढं वाचता. मला वाटलं, विवेकसाठी करताय." मग ती रडली. मला तिला जवळ घेता आलं नाही, ती अजून हॉस्पिटलच्या कपड्यांत होती.

विवेक म्हणाला, "तिकडे तो इतिहास आहे. इथे नुसता फुटबॉल आहे. चार गोऱ्यांत बसायला जागा मिळाली तर तुम्हा लोकांना तीही बघवत नाही." तुम्हा लोकांना, असं म्हणाला.

अनिशने एकच सांगितलं. पहिल्या तक्रारीवर डेंगच्या खाली त्याचीही सही होती. ग्रॅहमनी कॅप्टनशिपबद्दल बोलायला बोलावलं, त्याच दिवशी त्याने ती मागे घेतली. पत्र वाचताना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीस? म्हणाला, "यू वेअर सो हॅपी, आजी."

२९ ऑगस्ट

अपर्णाने मला क्लबवर सोडलं आणि गाडीत थांबली. ग्रॅहमनी खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं दिली. मी म्हटलं, मला पत्र मागे घ्यायचंय, चूक झाली, हे घ्या दुसरं पत्र. त्यांनी ते नीट घडी घालून खिशात ठेवलं. वाचलं नाही. म्हणाले, विषय बंद झालाय, कमिटी आता पुढच्या वर्षी बसेल. "नो वरीज, डार्ल. तुझं पहिलं पत्र सगळ्यांना फार आवडतं."

भिंतीवर पाहिलं. झेंडा काचेत. शेजारी माझं पत्र, तेही काचेत. खाली पितळी पाटी, माझं पूर्ण नाव, एक अक्षर चुकलेलं नाही. गेटवर आता इंटरनेटवरून मागवलेले नवे नायलॉनचे आठ झेंडे आहेत. माझा जुना, नाजूक, म्हणून जपून ठेवलाय.

मी म्हटलं, मग मी शिवलेलं उसवून देते, माझं आहे तेवढंच. ते इतके हसले की त्यांना खोकला आला आणि खोकला आला म्हणून दोन पावलं मागे सरकले.

पाटीवरचं नाव वाचताना मला एक क्षण बरं वाटलं. हे इथे लिहिलंच पाहिजे. एक क्षण.

डेंग मांसाच्या कारखान्यात लागलाय, अपर्णाला कुणी सांगितलं. पहाटेची शिफ्ट. हाडं कापायच्या मशीनवर.

२६ सप्टेंबर

आज फायनल. दुसऱ्या पत्राच्या मी तीस प्रती केल्या, हाताने. छापलेलं लोक वाचत नाहीत असं मला वाटलं. विवेक नेणार नाही म्हणाला. पाच किलोमीटर चालत गेले. इथल्या रस्त्यांना चालणाऱ्यांसाठी जागा नाही, गवतातून गेले.

गेटवर उभी राहून प्रती वाटत होते. लोक मास्क खाली करून हसत. एक बाई म्हणाली, "तुम्हीच ना त्या? तुमचं पत्र वाचून मी रडले." मी म्हटलं, हे ते नाही, हे दुसरं आहे, वाचा. तिने न वाचता छातीशी धरलं आणि माझ्यासोबत फोटो काढला, मागे आठ झेंडे. मग आणखी तिघींना फोटो हवा होता. एका माणसाने घेतलेल्या प्रतीवर सॉसेज ठेवून खाल्लं.

अनिशने शेवटच्या पाच मिनिटांत ट्राय केला, चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. कर्नल्स जिंकले. मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं, 'करी, करी' ओरडत गेटपर्यंत आणलं, एक नायलॉनचा झेंडा त्याच्या खांद्यांवर शालीसारखा घातला. त्याने मला पाहिलं. मी हातातली प्रत त्याच्याकडे धरली. त्याने झेंडा काढला नाही, आणि नीट पांघरूनही घेतला नाही. तसाच लोंबत राहिला, आणि ते त्याला घेऊन पुढे गेले.

परत येताना अचोलची गाडी शेजारून गेली. हळू झाली होती. मला वाटलं थांबेल. मग गेली.

तीस प्रतींपैकी अकरा मी गवतातून गोळा केल्या.

१९ ऑक्टोबर

वीणा गेली. ऑगस्टपासून मध्येच बरी, मध्येच आजारी, मला खरं काही कुणी सांगितलंच नाही. अंत्यविधी इथूनच मोबाईलवर पाहिला. चार माणसं, प्लास्टिकचे पोशाख. वंदना म्हणायला कुणी नव्हतं, मी इथून म्हटली, आवाज तिकडे पोचला की नाही माहीत नाही. शेवटच्या फोनमध्येही मीच बोलले होते, माझ्या पत्राबद्दल.

आता तिला विचारायचं होतं की तुला त्या खोलीतलं काय आठवतं. मी कधी विचारलं नाही.

८ नोव्हेंबर

सिडनीहून खास विमान आहे, परवा. विवेक म्हणतो, या वयात, या दिवसांत जाणं म्हणजे वेडेपणा. सदुसष्ट वर्षांच्या बाईने कुठे मरावं हे आता मी ठरवेन. पण वाटेत काही झालंच, तर हे अपर्णासाठी लिहून ठेवते. तिलाच, कारण ती करेल.

अपर्णा, कपाटातली पंचशीलाची पताका तू घे. बैठकीत लाव किंवा लावू नकोस, पण झोपायच्या खोलीत नको.

माझ्या दोन्ही पैठण्या तुझ्या. सोन्याच्या पाटल्या मोडून वीणाच्या मुलीला, स्पृहाला, पाठव. तिच्या आईचं दवाखान्यात फार गेलं.

विवेकला सदानंदांचं घड्याळ. त्याला सांग, मी रागावून गेले नाही. तो विचारणार नाही, तरी सांग.

माझी भरतकामाची पेटी, रिंगा, सगळी रिळं कचऱ्याच्या डब्यात. कुणाला देऊ नकोस, वृद्धाश्रमालाही नको. सुया कागदात गुंडाळून टाक, कुणाच्या हाताला लागतील.

क्लबला दर महिन्याला एक पत्र जाईल, माझं नाव काढा म्हणून. बारा लिहून, पाकिटं बंद करून ठेवली आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला टपालपेटीत टाक. संपली की प्रत काढून पुन्हा.

अनिशला माझ्या पहिल्या पत्राचा कच्चा कागद. 'सगळे एका घरचे' हे मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं, ते त्याला दिसेल. त्याने तो जपावा आणि मुलं झाली की त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. आजीने लिहिलं असं सांगावं. स्वतःला माहीत होतं, हेही सांगावं.

अचोलला ही वही. मराठी तिला येत नाही. तिने ती चुलीत घातली तर घालू दे, कुणाकडून वाचून घेतली तर घेऊ दे. कुंपणावरून देऊ नकोस, पुढच्या दाराने जा.

डेंगला काही देऊ नकोस. त्याला माझ्याकडून मिळालंय.